सडी फौज आणि पौषातली रात्र

सुरतेच्या पहिल्या स्वारीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. लूट किती मिळाली, वीरजी व्होऱ्याच्या वाड्यातून काय निघाले, किल्ल्यात दडून बसलेल्या इनायतखानाने वकिलाच्या मिषाने मारेकरी कसा धाडला, इंग्रजांचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडन ह्याने कर्णे वाजवीत आपल्या मूठभर शिपायांची शहरातून फेरी कशी काढली, हे सारे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. माझा प्रश्न त्या मानाने क्षुद्र आहे. बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पाव मैलावर असलेल्या बागेत त्या चार रात्री ती फौज निजली कशी, आणि तिने पांघरले काय?

प्रश्न क्षुद्र असला तरी निरर्थक नाही. इंग्रजांच्या वखारीतील कागदांत स्वारीच्या तारखा ६ ते १० जानेवारी १६६४ अशा पडल्या आहेत. परंतु ते लोक त्या वेळी जुने पंचांग वापरीत. आजच्या मोजणीशी मेळ घालावयाचा तर त्यांत दहा दिवस मिळवावे लागतात. म्हणजे महाराज सुरतेबाहेर राहिले त्या रात्री आपल्या १६ ते १९ जानेवारीच्या, ऐन पौषातल्या होत. सुरतेचा पौष फारसा कडक नव्हे. रात्री पारा साधारण पंधरा अंशांपर्यंत उतरतो आणि सुरतकर तेवढ्यावरच कानाला फडके गुंडाळतो. पण ही फौज सुरतेची नव्हती. ती नाशिकच्या बाजूने घाट उतरून रानावनातून गणदेवीपर्यंत आली होती, आणि नाशिकच्या पठारावर पौषातल्या पहाटे पारा दहाच्याही खाली जातो. चार हजार घोडेस्वार अशा दिवसांत डोंगर ओलांडून निघतात, आणि शहरापासून अवघ्या अठ्ठावीस मैलांवर येऊन ठेपेपर्यंत सुरतेस त्यांचा सुगावा लागत नाही. तंबूंचे उंट, बिछायतीच्या गाड्या, सरपणाचे बैल बरोबर असते तर हे घडणे शक्य नव्हते.

आपल्या जुन्या पत्रव्यवहारात ह्या प्रकारच्या फौजेला ‘सडी फौज’ असा नेमका शब्द आहे. बाजारबुणगे, बिऱ्हाड आणि अवजड सामान मागे ठेवून जी निघते ती सडी. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत महाराजांच्या लष्कराचे नेम सांगितले आहेत. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यास कूच, पुढले आठ महिने परमुलखात. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कोणी नसावी. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी व्हावी आणि परतल्यावर ती ताडून पाहावी. ह्या यादीचा उद्देश लुटीचा हिशेब राखणे हा होता, ह्यात संशय नाही. मला मात्र तिच्यात दुसरेही काही दिसते. ज्याच्या सामानाची यादी होते, तो माणूस सामान थोडकेच घेतो.

गोमंतकीय वाचकांस अभिमान वाटावा असा एक ग्रंथ येथे आठवतो. आपण मुरगावचे, अशी स्वतःची ओळख सांगणाऱ्या कॉस्मो द ग्वार्द ह्याने १६९५ मध्ये पोर्तुगीज भाषेत शिवचरित्र लिहिले. ते १७३० मध्ये लिस्बनला छापून निघाले. त्यातील तपशिलात चुका पुष्कळ आहेत. पण समकालीन जनमानसाचा ठसा त्यात स्वच्छ उमटला आहे. शिवाजी एकाच वेळी इतक्या ठिकाणी कसा प्रकट होतो, त्याचे तोतये आहेत की तो जादूगार आहे, असा लोकांस प्रश्न पडे, असे तो लिहितो. ह्या जादूचा निम्मा उलगडा ओझे नसण्यात आहे.

उरलेला निम्मा घोंगडीत आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आधी पुण्यास रेसिडेंट होता आणि मराठी फौज त्याने डोळ्यांनी पाहिली होती. १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात त्याने औरंगजेबाशी झुंजणाऱ्या मराठा स्वाराचे वर्णन केले आहे. बाजरीची भाकर आणि कांदा हे अन्न, कापूस भरलेली बंडी व गुडघ्यापर्यंतची तंग चोळणी हा पोशाख. सरदारावाचून कोणास तंबू नाही. स्वार भुईवर निजतो, भाला शेजारी रोवलेला आणि लगाम दंडास बांधलेला, आणि अंथरूण म्हणजे घोड्यावरचेच पांघरूण. ह्या वर्णनात एल्फिन्स्टनला साधेपणा दिसला. मला त्यात मोठी काटकसर दिसते. दिवसा घोड्याच्या पाठीवर जे होते तेच रात्री स्वाराच्या अंगाखाली आले. त्यासाठी वेगळे वजन वाहावे लागले नाही.

खोगीर हा शब्द आज आपण ‘खोगीरभरती’त तेवढा ठेवला आहे, आणि तोही निरुपयोगी भरणा ह्या अर्थाने. भाषेने हा अन्यायच केला म्हणावयाचा. लोकर किंवा चिंध्या भरलेले ते जाड जाजम भुईच्या ओलीपासून माणसास वेगळे ठेवी, आणि रात्रीच्या थंडीत भुईइतका लबाड चोर नाही. वारा अंगावर आलेला कळतो. भुई निजलेल्या माणसाची ऊब तासन् तास ओढून घेत असते आणि पहाटे हुडहुडी भरेपर्यंत त्याला त्याचा पत्ता नसतो.

आता घोंगडीविषयी. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ व बहुधा काळी. धनगरांनी ती कातरावी, बायकांनी चरख्यावर सूत काढावे, सनगरांनी मागावर अरुंद पट्टे विणून ते जोडावेत, आणि शेवटी चिंचोक्याची खळ चढवावी, अशी तिची जन्मकथा आहे. नवी घोंगडी अंगाला बोचते. वापरता वापरता, भिजता वाळता, तिचे धागे एकमेकांत गुरफटत जातात आणि वीण मिटते. मग पावसाची सर तिच्यावरून ओघळून जाते आणि वारा आत शिरत नाही. लोकरीचा आणखी एक गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी दमट हवा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. कापसाचे तसे नाही. आपल्या घरोघरीची गोधडी, कोकणातली वाकळ, कोरडी असेतो मायेची. एकदा दवाने भिजली की जड होते आणि ऊब सोडते. सुरतेच्या वखारी त्या वेळी जगातल्या उत्तमोत्तम सुती कापडाने ठासून भरलेल्या होत्या. डोंगर चढून परतणाऱ्या स्वाराला त्या गठ्ठ्यांचा निजण्यापुरता काडीइतका उपयोग नव्हता. फौजेने वाहण्यास हलके आणि मोलाने जड तेवढेच उचलले: सोने, रुपे, मोती, जवाहीर.

घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की ती पावसाळी टोपी होते, खांद्यावर टाकली की शाल, दुमडून ठेवली की जीन, पसरली की खळे. स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांचे लांबलचक लोकरी वस्त्र असेच होते. दिवसा ते कमरेस गुंडाळून नेसत आणि रात्री त्यातच माळावर निजत. चंब्याचे गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन हिमालयाच्या उंच खिंडी ओलांडतात, तेव्हा त्यांच्याही अंगात एक घोळदार लोकरी चोला असतो आणि कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढे. चोल्याच्या घोळात ते नवजात कोकरू ठेवतात. ऊब कोण कोणास देतो हे ठरविणे मोठे कठीण.

ह्या गोष्टी पुस्तकातून कळतात, पण पटतात भुईवर निजल्यावरच. काही वर्षांपूर्वी पौषात मी सुरतेहून बागलाणात गेलो आणि एक रात्र साल्हेरवर काढली. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर, म्हणजे ऑक्टोबर १६७० नंतर, महाराज ह्याच बागलाणातून परतले, वाटेत वणी-दिंडोरीस मोगलांशी झुंजले, आणि पुढल्या जानेवारीत साल्हेर स्वराज्यात आला. किल्ला १५६७ मीटर उंच. हजार मीटरांस साधारण साडेसहा अंश ह्या हिशेबाने माथ्यावरची हवा सुरतेहून दहा अंशांनी थंड ठरते. माझ्याबरोबर घरातली जुनी घोंगडी होती. भाचा बरोबर होता, तो दर मे महिन्यात हिमालयात जातो. तिकडे बारा-तेरा हजार फुटांवर भर उन्हाळ्यातही रात्री भांड्यातले पाणी गोठते, असे तो सांगतो. त्याची निजायची पिशवी बदकाच्या पिसांची, दाबली तर नारळाएवढी. आम्ही गुहेत आडवे झालो.

रात्री तीनच्या सुमारास मी काकडून जागा झालो. वरून थंडी लागत नव्हती, खालून लागत होती. घोंगडीची एकच घडी मी खाली घेतली होती आणि ती पुरली नव्हती. भाचा म्हणाला, “मामा, पिसांचंही असंच असतं. अंगाखाली दबली की त्यांतली हवा जाते. म्हणून तर खाली हे वेगळं जाजम लागतं.” खोगीर त्याच्याजवळ होते, माझ्याजवळ नव्हते! आम्ही खाली वाळके गवत पसरले. मग त्याने मला शेंगदाणे आणि गुळाचा खडा खावयास दिला, चार वेळा हातपाय झाडावयास लावले आणि पुन्हा निजविले. पाऊण तासाने मी घामेजून घोंगडी दूर सारली.

त्या गुळाच्या खड्याने मला जे शिकविले ते एवढेच, की पांघरूण ऊब देत नाही, राखते. ऊब अन्नातून यावयाची. उपाशी माणसावर सात घोंगड्या घातल्या तरी त्या त्याच्या अंगातली नसलेली ऊब कोठून आणणार? सड्या फौजेची सगळी मांडणी मला तेव्हापासून वेगळी दिसू लागली. घोडा, खोगीर, घोंगडी आणि भाकर ही चार वेगळी अंगे नव्हेत. घोडा चालता असला तर रोज नवा मुलूख, नवा दाणा, नवी वैरण. दाणा मिळाला तर भाकर. भाकर असली तर घोंगडी पुरे. साखळीतली एक कडी निसटली की बाकीच्या तिन्ही निकामी.

उलट टोक पाहावयाचे असेल तर त्याच सुमाराची मोगल बादशहाची काश्मीरयात्रा पाहावी. सुरत बंदरातच हिंदुस्थानच्या भूमीवर उतरलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए त्या यात्रेत होता. त्याच्या पत्रांवरील तारखा पुढल्या असल्या तरी ही यात्रा १६६३ च्या उन्हाळ्यातली, हे आता ठरल्यासारखे आहे. शाएस्तेखानाच्या फजितीची खबर औरंगजेबास ह्याच वाटेवर पोचली. बादशहाचे तंबू दुहेरी असत. एक संच उभा असताना दुसरा पुढल्या मुक्कामावर जाऊन उभा राही, त्याला पेशखाना म्हणत. तो वाहण्यास साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असा बर्निएचा आकडा आहे. हे लटांबर पीरपंजाळ चढू लागले. खिंड साडेअकरा हजार फुटांच्या घरातली. खालच्या पायथ्याशी उन्हाने भाजून निघालेले लोक माथ्यावर बर्फात पोचले. चढावावर पुढचा एक हत्ती बिचकून मागे सरला, त्याने मागच्यास ढकलले, आणि जनानखान्याच्या बायकांना वाहणारे पंधरा हत्ती दरीत कोसळले. बादशहाला त्या रात्री थंडी वाजली नसेल. पण त्याच्या सैन्याने वर्षभरात जेवढी वाट तुडविली तेवढीत मराठ्यांनी किती मुलूख ढवळला असता, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

सुरतेहून महाराज चवथ्या रात्रीनंतर निघाले ते मोगल फौज येत असल्याची वार्ता लागली म्हणून. ती फौज आठवड्याने पोचली तेव्हा बागेत चुलींची राख तेवढी असेल. सड्या फौजेचे बळ असे मुक्काम मोडण्यात असते. थोरल्या बाजीरावांनी हे पुरते ओळखले होते. १७३७ मध्ये बुणगे बुंदेलखंडात ठेवून ते असे दौडले की दिल्लीस मराठे दाराशी दिसले तेव्हाच त्यांची खबर लागली.

आणि मग पानिपत. १६६४ च्या त्या पौषानंतर सत्त्याण्णव वर्षांनी, पुन्हा पौषातच. पानिपताच्या कारणांवर ग्रंथ आहेत. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी तर त्यासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचला. मला त्या वादात शिरावयाचे नाही. मी फक्त रात्रीपुरते बोलतो.

सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये पडदूरहून निघाली ती दक्षिणेच्या उन्हाळ्यात. बरोबर इब्राहिमखानाच्या जड तोफा, कुटुंबकबिले, यात्रेकरू आणि लढणाऱ्यांहून अधिक न लढणारे. भाऊंच्या डेऱ्यांचे वर्णन ग्रँट डफ करतो: आतून रेशीम व बनात लावलेले, वर सोनेरी कळस, कोसांवरून दिसणारे. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट ह्या दोघांनी सांगून पाहिले की बायकामुले आणि अवजड सामान मागे ग्वाल्हेर-झाशीकडे किंवा जाटांच्या किल्ल्यांत ठेवा, आणि सडे होऊन जुन्या रीतीने लढा. ते मानले गेले नाही. मल्हाररावांच्या सल्ल्यात स्वार्थ होता असे म्हणणारे आहेत. असेल. ज्याने उभा जन्म खोगिरावर काढला त्याचा अनुभवही त्यात होता.

नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत, म्हणजे अडीच महिने, ही फौज पानिपताशी खंदक खणून एका जागी बसली. उत्तरेच्या मैदानात जानेवारीत रात्रीचा पारा सहा-सात अंशांवर येतो, धुके पडले की दिवसाही सूर्य दिसत नाही. अंगावर दख्खनचे सुती कपडे. समोर अब्दालीचे अफगाण. त्यांच्या मायदेशचा पोशाखच पोस्तीन, म्हणजे लोकर आत वळविलेले मेंढीचे कातडे. काशिराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा, दोन्ही छावण्यांत ओळखी असलेला माणूस. तो लिहितो की अब्दाली दररोज रात्री पाच हजार स्वार मराठ्यांच्या छावणीच्या जितके जवळ नेता येतील तितके नेऊन रात्रभर हत्यारबंद उभे ठेवी. ज्या थंडीत ते घोड्यावर बसून पहाट करीत, तीच खंदकाच्या आत शेकोटीवाचून काढावी लागत होती. कारण सरपण संपले होते. लाकूड आणि गवत आणण्यास रात्री चोरून बाहेर पडलेल्या हजारो निःशस्त्र बुणग्यांस अफगाण गस्तीने गाठून कापून काढले, हेही काशिराजानेच नोंदले आहे. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. आधी घोडी मेली. घोडे गेले म्हणजे त्यांच्या श्वासाची व अंगाची ऊबही गेली, आणि मागे राहिले ते नुसते खोगीर.

थंडीने पानिपत घालविले असे मी म्हणणार नाही. मुख्य मार उपासाचा. परंतु उपास आणि थंडी ह्यांची खाती वेगळी मांडता येत नाहीत. अर्ध्या भाकरीवर असलेल्या माणसाला सात अंशांची रात्र शून्याची वाटते. कुडकुडण्यात त्याच्या अंगातले उरलेसुरले बळ जळते, आणि सकाळी त्याला पुन्हा तीच अर्धी भाकर मिळते किंवा मिळत नाही. रेशमी अस्तराचे डेरे दख्खनहून तिथवर वाहून आणले गेले, पण शिपायाला त्या हवेत निजता येईल असे काही त्या प्रचंड सामानात नव्हते. फौज जड झाली होती आणि तरीही उघडी होती.

तेराव्या तारखेच्या रात्री कोठारातले उरलेले धान्य वाटले गेले, म्हणजे एकदा तरी लोकांनी पोटभर जेवावे. पहाटेपूर्वी तोंडाला हळद माखून फौज बाहेर पडली.

संध्याकाळनंतर जे निसटले त्यांच्यात नाना फडणीस होते. वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अंगावरची वस्त्रे टाकून ते पायी निघाले, हे त्यांनी स्वतःच्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. ओळख पटू नये म्हणून भरजरी वस्त्र टाकणे भाग होते, आणि पौषातली रात्र पुढे होती. अशा हजारोंना सूरजमलाने आणि राणी किशोरीने भरतपुराच्या मुलखात थारा दिला. ज्याचा सल्ला आपण झिडकारला त्याच्याच दारात दक्षिणी माणसे उघड्या अंगाने उभी राहिली, आणि त्याने त्यांना अन्न दिले, वस्त्र दिले, आणि ग्वाल्हेरच्या वाटेला लावून दिले.

अब्दालीही फार राहिला नाही. पगार थकलेले त्याचे लोक घराकडे डोळे लावून बसले होते आणि हिंदुस्थानचा उन्हाळा त्यांना ठाऊक होता. चार वर्षांपूर्वी मथुरेच्या बाजूस त्याच दिवसांत रोगराईने त्यांची दैना केली होती. मार्च १७६१ मध्ये, ऊन तापू लागताच, त्याने दिल्ली सोडली.